चार वाटण्यांची मोटार

आमच्या घरची मोटार कोणाची, असं विचारलं की चार घरं हात वर करतात. ती कुठे आहे, असं विचारलं की चार घरं चार दिशांना बोटं दाखवतात. यात कोणीच खोटं बोलत नाही. मोटार चौघांची आहे आणि ती चार ठिकाणी आहे.

पोलादपूरहून आंबेनळीकडे निघालं की घाटाची वळणं सुरू व्हायच्या आत एक कच्चा रस्ता खाली उतरतो, तिथे आमची वाडी. माझ्या पणजोबांनी ही मोटार घेतली ती महाड-पोलादपूर माणसांची ने-आण करायला. परदेशी बनावटीची, उघडी, वर कापडी टप, हँडल मारून सुरू होणारी. चालवायचे आजोबा. पुढे एसटी आली आणि मोटार आमच्या दारापुढच्या खळ्यात उभी राहिली ती राहिलीच. बाबा तेव्हा एवढेसे होते. आजोबांच्या मांडीवर बसून ते एकदाच तिच्यातून महाडला गेले होते. त्या एका फेरीवर त्यांनी सगळा जन्म काढला, असं म्हटलं तरी चालेल.

आजोबा गेल्यावर चार भावांत वाटणी झाली. बाबा धाकटे. पंचांनी शेतं वाटली, भांडी वाटली, फणसाच्या फांद्यासुद्धा वाटल्या, कारण आमच्याकडे फणस तोडत नाहीत, त्याच्या फांद्या वाटतात. मग मोटारीवर घोडं अडलं. एकाला दिली तर तिघे रुसणार. विकावी तर बापाची गाडी विकली म्हणून गावात तोंड दाखवायला जागा नाही. तेव्हा पंचांनी, माझे तिघे काका आणि बाबा मान डोलावत असताना, मोटारीलाही फणसाचा न्याय लावला. थोरल्या काकांना सांगाडा, म्हणजे दारं, बैठका, बॉनेट, सगळा बाहेरचा भाग. दोन नंबरच्या काकांना चाकं. तीन नंबरच्या काकांना स्टिअरिंग, पितळी दिवे आणि भोंगा. उरलं इंजिन, ते बाबांना. कोणाला ते नकोच होतं, कारण त्याचा घरात उपयोग काय?

बाकीच्यांनी आपापल्या वाटणीचा उपयोग करून घेतला. सांगाड्यात कोंबड्या राहू लागल्या. चाकं झऱ्यावरून पाण्याची पिंपं आणायच्या गाड्याला लागली. दिवे आणि भोंगा काकांबरोबर मुंबईला गेले आणि शोकेसमध्ये बसले. इंजिन आमच्या पडवीत एका लाकडी घोडीवर, गोणपाट पांघरून, बसून राहिलं. बाबा दर दसऱ्याला ते पुसायचे, तेल घालायचे, झेंडूचं फूल वाहायचे. मधूनमधून हँडल घालून फिरवायचे, म्हणजे आतून गंजून जाम व्हायला नको. शेजारीच भाताची कणगी होती. भाताला तेलाचा वास लागतो म्हणून आई शेवटपर्यंत कुरकुरत राहिली.

बाबांची एकच इच्छा होती आणि ती आम्हा घरातल्यांना पाठ होती.

"एकदा ह्याला अंगात घालून बघायचा हाय. आपल्या पायानं पोलादपुरात गेली पायजे ती."

अंग म्हणजे सांगाडा. तो अंगणापलीकडे थोरल्या काकींच्या पडवीत होता. इंजिन आणि अंग यांच्यात एक अंगण, एक तुळस आणि वाटणी एवढंच अंतर होतं. माझं सगळं वय गेलं, पण ते अंतर कोणी ओलांडलं नाही. काकी वाईट नाहीत. सणाला वाटी येते, आजारपणात काढा येतो. पण सांगाडा आमच्याकडे आणू का म्हटलं, की त्या म्हणायच्या, "आनि उद्या म्हनशील सांगाडा तुमचाच. नको रे बाबा." आणि इंजिन त्यांच्याकडे नेऊ का म्हटलं, की बाबाच इंजिनावरचं गोणपाट सारखं करायला लागायचे.

मी महाडला राहतो. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जातो. मोटारसायकलवर वाडीला यायला फार वेळ लागत नाही, तेव्हा बहुतेक रविवारी येतो. हे सांगतो अशासाठी, की पुढचे सगळे रविवार माझे या मोटारीने खाल्ले.

सुरुवात केली मुंबईच्या चुलतभावाने. तीन नंबरच्या काकांचा मुलगा, माझ्याहून मोठा म्हणून दादा. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा तो अध्यक्ष. आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला डोंगर चढणारी छोटी आगगाडी आहे, तिची शंभरी झाली तेव्हा तो बायकामुलांसकट तिथे जाऊन फोटो काढून आला होता. तेव्हापासून शंभरी हा शब्द त्याच्या डोक्यात बसला होता. मग त्याच्या कानावर आलं की मुंबईहून जुन्या मोटारींचा एक ताफा महाबळेश्वरला जाणार आहे, आंबेनळीनेच, आणि पोलादपुरात चहाला थांबणार आहे. त्याने आयोजकांना गाठलं आणि आमच्याकडेही एक शंभर वर्षांची मोटार आहे असं सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, तुमची गाडी चालत असेल तर घाटाच्या पायथ्यापर्यंत आमच्या ताफ्याच्या पुढे तीच राहील, तिचा सत्कारही करू.

"चालतेय का?" असं त्यांनी विचारलं.

"चालते की," असं दादाने सांगितलं. चार घरांत विखुरलेल्या गाडीबद्दल.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर 'शंभरी' नावाचा ग्रुप निघाला. मी लिहिलं, सगळ्यांनी आपापला भाग पुढच्या रविवारी काकींच्या खळ्यात आणावा. खाली अंगठे आले, हात जोडलेले आले, फुलं आली. 'गर्व आहे' असंही कोणी लिहिलं. रविवारी खळ्यात मी, बाबा आणि काकींच्या कोंबड्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. चाकं ज्याच्याकडे होती त्या, दोन नंबरच्या काकांच्या मुलाचं म्हणणं, पाण्याच्या गाड्याला दुसरी चाकं मिळेपर्यंत देता येणार नाहीत, बायका पाणी डोक्यावरून आणणार का? बरोबरच होतं ते. मग मी महाडात भंगारवाल्याकडून चाकं शोधून आणली, ती त्या गाड्याला बसवून दिली, तेव्हा कुठे मोटारीची चाकं सुटली. कोंबड्यांसाठी काकींना खुराडं करून दिलं. तेही दोनदा, कारण पहिल्याचं तोंड दक्षिणेला झालं होतं.

मी वैतागून गेलो होतो. पाळी करून यायचं, रविवारी ग्रीस खरवडायचं, आणि मुंबईहून रोज विचारणा, बॅनरवर कोणाकोणाचे फोटो घ्यायचे. बॅनरवर कोण, स्टेजवर कोण, शाल कोणाला, नारळ कोण फोडणार. इंजिनाबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही. एकदा मी ग्रुपवर लिहिलं, इंजिन सुरू होतंय का हे कोणी विचारणार आहे का? त्यावर दोन अंगठे आले.

महाडला हायवेच्या कडेला एक मिस्त्री आहे, जुन्या जीप दुरुस्त करतो. त्याला मी वाडीला आणलं. त्याने इंजिन उलगडलं, साफ केलं, कुठकुठले भाग कुठूनकुठून मिळवले, आणि एका दुपारी पडवीतच, वर पेट्रोलचा डबा टांगून, हँडल मारलं. पहिल्यांदा नुसतं खोकलं. पुन्हा मारलं. मग धरलं. सगळी पडवी थरथरायला लागली, कणगीवरचं सूप खाली पडलं. बाबा घोडीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा मी बघितला आणि पटकन दुसरीकडे बघितलं, कारण ते रडत होते आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच आवाज."

मांडीवर बसून ऐकलेला आवाज तो. आता फक्त अंगात घालायचा राहिला होता.

सांगाडा रंगवायचं काम दादाने अंगावर घेतलं होतं. बाबा सांगत होते, गाडी गडद हिरवी होती, मडगार्ड काळी. दादा म्हणाला, बॅनर छापून झाला काका, त्यावर लालच आहे. लाल रंग लागला. त्यावरून दादा आणि मी फोनवर बरंच भांडलो. शेवटी बाबाच म्हणाले, "असू दे रे. रंगानं काय गाडी चालत नाय."

ठरलं असं. ताफा रविवारी यायचा. शनिवारी सकाळी मिस्त्री चेनपुली घेऊन येणार, दिवसभरात इंजिन गाडीत बसवणार, संध्याकाळी खळ्यात एक फेरी मारून बघायची, रविवारी पोलादपूर. पुरेसा वेळ होता. मी शनिवारची सुट्टी काढली होती. आदल्या दिवशीच चाकं लागली होती. दादा शुक्रवारी स्टिअरिंग, दिवे आणि भोंगा घेऊन आला आणि तेही लागले. गाडी, इंजिन सोडून, पुरी झाली होती. शंभर वर्षांची म्हणून शोभत होती खरी. लाल असली तरी.

शनिवारी मी महाडहून निघालो तेव्हा मिस्त्रीचा फोन आला, टेंपो पंक्चर आहे, थोडा उशीर होईल. वाडीत पोचलो तर खळ्यात सगळं घर जमलेलं. काकींनी सकाळीच पूजा मांडली होती. थोरल्या घराचा मान, तेव्हा पूजा त्यांनीच करायची, आणि मुहूर्त सकाळचा. गाडीला आंब्याचं तोरण, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, वर नारळ, आणि बॉनेट गाडीला पूजेच्या नाड्याने सात वेढे घालून बांधलेलं. समोर गुरव गाऱ्हाणं घालत होता. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून 'व्हय महाराजा' म्हणायचं. गुरव चांगला रंगात आला होता.

"आजवर चार घरांत चार तुकडे झालेली ही गाडी आज एकत्र झाली, ती अशीच राहू दे महाराजा."

"व्हय महाराजा."

"उद्या मिरवून, मान घेऊन घरी परत येईपर्यंत हिचा सांधा कोणी उचकटू नये, बांधलेला नाडा कोणी सोडू नये महाराजा."

"व्हय महाराजा."

मीही म्हटलं. हात जोडून म्हटलं. फोन कान आणि खांदा यांच्यात धरला होता, पलीकडे मिस्त्री विचारत होता की टेंपो कुठल्या फाट्यावरून खाली उतरेल, आणि मी एकीकडे त्याला रस्ता सांगत दुसरीकडे सगळ्यांबरोबर व्हय महाराजा म्हणत होतो. लहानपणापासून म्हणतो तसं, ऐकल्याशिवाय.

अर्थ डोक्यात शिरला तेव्हा प्रसाद वाटून झाला होता. मिस्त्री चेनपुली उतरवत होता. मी बॉनेटकडे गेलो तर काकी पुढे आल्या.

"काय करतोस?"

"इंजिन बसवायचंय काकी. बॉनेट काढायला लागेल."

"आता? गाऱ्हाणं झालं ना रे. देवीसमोर म्हटलं ना सगळ्यांनी?"

"पण इंजिनाशिवाय ती गाडी चालेल कशी?"

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "मिरवायचीच हाय ना? पोरं ढकलतील की."

दादाकडे गेलो. तो म्हणाला, मला माहीत नव्हतं रे बॉनेट काढायला लागतं म्हणून, मला वाटलं खालून बसतं. खालून. मग म्हणाला, पण एका अर्थी बरंच झालं, नव्या रंगावर तेलाचे डाग पडले असते. गुरवाला गाठावं, देवीला कौल लावून मोकळीक मागावी, असं माझ्या डोक्यात आलं. तर गुरव प्रसाद खाऊन दुसऱ्या वाडीला सत्यनारायणाला निघून गेला होता आणि फोन उचलत नव्हता.

मी बाबांकडे गेलो. माझी खात्री होती की ते तरी माझ्या बाजूने उभे राहतील. त्यांचं इंजिन, त्यांची इच्छा, ते म्हणाले असते, सोड नाडा, तर मी सगळ्यांशी भांडून सोडला असता. बाबा पडवीत घोडीशेजारी बसले होते. त्यांना कळलं होतं.

"बाबा, मी सोडतो नाडा. होऊ दे काय व्हायचं ते."

त्यांनी इंजिनावरची धूळ पुसली.

"व्हय म्हटलास ना तू?"

"म्हटलं. पण ऐकलं नव्हतं."

"मी आयकला होता," बाबा म्हणाले. "आनि मीबी व्हय म्हटला. आता काय करनार?"

मी पडवीच्या खांबावर हात आपटला. अजूनही आठवलं की तळहात चुरचुरतो. गाडी जोडली जावी म्हणून ज्याने सगळा जन्म वाट बघितली, त्याच्याच तोंडून देवीने गाडी न उघडण्याचं वचन काढून घेतलं होतं. आणि यात दोष कोणाला द्यायचा? काकींनी मान राखला, गुरवाने आपलं काम केलं, दादाला काही माहीत नव्हतं. मी फोनवर होतो. सगळेच आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून तर माझं डोकं फिरलं होतं.

मार्ग काढला मिस्त्रीने. म्हणाला, गाडीत नाही तर नाही, माझ्या टेंपोत घालू. गाडीच्या मागोमाग टेंपो चालवतो, वर इंजिन सुरू ठेवतो. निदान आवाज तरी गाडीबरोबर जाईल. बाबांना ते पटलं. चौघांनी बांबू लावून इंजिन टेंपोत चढवलं, घोडी खाली बोल्टने आवळली, पाण्याचा डबा, पेट्रोलचा डबा लावला. बाबांनी धुतलेला सदरा घातला आणि ते इंजिनाशेजारी खुर्ची टाकून बसले. मी मागे उभा.

पोलादपुरात गर्दी होती. मुंबईहून आलेल्या गाड्या एकामागोमाग एक उभ्या, निळ्या, पांढऱ्या, काळ्या, चकचकीत, आपापल्या इंजिनावर आलेल्या. त्यांचे मालक टोप्या घालून फिरत होते. स्टेजवर शाली पडल्या, नारळ दिले गेले, दादाने भाषण केलं. मग मिरवणूक निघाली. आमची गाडी वाडीपासून ढकलतच आणली होती, पण ती चालते का हे आता कोणी विचारलं नाही. आमची लाल मोटार पुढे, दादा स्टिअरिंगवर, मागच्या बाकावर काकी शालू नेसून, आणि मुंबई मंडळाची मुलं टी-शर्टवर मोटारीचं चित्र घालून तिला ढकलत होती. मागे आमचा टेंपो. टेंपोमागे डीजे.

डीजेची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. तो कोणी ठरवला ते अजून कळलेलं नाही.

मिस्त्रीने टेंपो हळूच पुढे घेतला आणि मला खूण केली. मी हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. हातापर्यंत झिणझिण्या आल्या, धूर निघाला, पाण्याचा डबा थरथरला. म्हणजे लागलं होतं नक्की. पण कानाला काहीच कळेना. डीजेचा दणका छातीवर बसत होता, खालच्या पत्र्यावर बसत होता, त्यात ते इंजिन एखाद्या मुक्या माणसासारखं नुसतं हलत होतं. मी वाकून कान लावला. तरी नाही. बाबांनी वर पाहिलं. ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण मला कळलं. लागलं का, असं विचारत होते. मी मान हलवली. त्यांनी हात पुढे करून इंजिनावर ठेवला आणि तसेच बसून राहिले.

थोडं पुढे गेलो असू. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता टेंपोच्या बाजूने धावत आला. डीजे दोन गाण्यांच्या मध्ये थांबला होता, म्हणून त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"ओ, हा जनरेटर मागे घ्या. धूर फोटोत येतोय."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा गांगरला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बाबांनी माझा हात धरला.

"घे मागं," ते म्हणाले. "त्याचा काय चुकला? जनरेटरच वाटनार."

त्यांनी स्वतः वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला. मिस्त्रीने टेंपो रस्त्याच्या कडेला घेतला. डीजे पुढे गेला, मुंबईच्या गाड्या पुढे गेल्या, भोंगे वाजवत. आमचा भोंगाही त्यात होता. घाटाच्या दिशेने सगळं लांब गेल्यावर तिथे आम्ही तिघे उरलो, आणि एक म्हैस रस्ता ओलांडत होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. इंजिन रात्रीच घोडीसकट आमच्या पडवीत परत आलं होतं. मी कारखान्यात आजारी असल्याचं कळवलं, आणि ते फारसं खोटं नव्हतं. सकाळी खळ्यात गाडी उभी होती, हार सुकलेले. मिरवून, मान घेऊन ती घरी आली होती, तेव्हा गाऱ्हाण्याची अट संपली होती. काकींनीच नाडा सोडला. मला वाटलं, आता. मिस्त्रीला फोन लावावा म्हणून खिशात हात घातला, तोवर दादा पाना घेऊन स्टिअरिंग सोडवायला बसला होता.

बाबा त्याच्याजवळ गेले. "जरा थांबतोस काय? आज इंजिन घालून बघू. येकदाच."

दादाने वर पाहिलं. खरंच सांगतो, त्याच्या चेहऱ्यावर काही वाईट नव्हतं. "काका, दुपारची गाडी आहे. आणि आता कार्यक्रम झाला ना."

तो भोंगा आणि दिवे टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला. मग दुसऱ्या घरचा भाऊ चाकं काढायला आला. मी आणलेली भंगारातली चाकं पाण्याच्या गाड्याच्या वजनाने वाकली होती. चार चिऱ्यांवर सांगाडा ठेवून तो चाकं घेऊन गेला. जेवणवेळेपर्यंत मोटार पुन्हा चार ठिकाणी झाली. मी पायरीवर बसून सगळं बघत होतो. रागसुद्धा येईनासा झाला होता.

बाबा खळ्यात उभे होते. उघड्या बॉनेटच्या आत, जिथे इंजिन असायला हवं, तिथे झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. त्यांनी एकेक पाकळी वेचून काढली. मग माझ्याकडे वळले.

"बांबू आन. दोघांतिघांना हाक मार. इंजिन न्यायचा."

"कुठे?"

"काकींकडं. सांगाड्यात बसवायचा आनि तिथंच ठेवायचा. मी बोललो त्यांना. त्यांच्या वाटणीत जाऊ दे."

"देऊन टाकायचं?"

"मग काय? चारातले दोन तरी येका जागी ऱ्हातील."

आणि मी, ज्याने वर्षभर मान, वाटणी, माझं, तुझं यावरून सगळ्यांना शिव्या घातल्या, पायरीवरून उठलो आणि म्हणालो, "पण बाबा, ते आपल्या वाटणीचं आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दमून.

"तूबी?" ते म्हणाले.

मी बांबू आणायला गेलो. दुपारी मिस्त्री आला, पुली लावली आणि इंजिन अंगात बसलं. असं चपखल, की हललंच नव्हतं जणू. काकी कोंबडी काखेत धरून बघत उभ्या होत्या. बाबा आत चढले आणि चालवणाऱ्याच्या जागेवर बसले. समोर स्टिअरिंग नव्हतं, खाली चाकं नव्हती.

"मार," त्यांनी सांगितलं.

मी हँडल मारलं. गाडी चिऱ्यांवर जागच्या जागी थरथरू लागली आणि तिचा आवाज अंगण ओलांडून आमच्या रिकाम्या पडवीत गेला. बाबांनी दोन्ही हात पुढे धरले होते, स्टिअरिंग धरतात तसे. कुठेही न जाणाऱ्या त्या गाडीत ते बराच वेळ तसेच बसून होते, आणि पेट्रोल संपेपर्यंत त्यांना उतरा म्हणायची आमच्यातल्या कोणाचीच छाती झाली नाही.